आधी ब्रीदर बघा, मग इंजिन खोला: कोकणातल्या नव्या मेस्त्रींसाठी बॅक कॉम्प्रेशनची ओळख

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. हर्णै, दाभोळ, मिरकरवाडा, मालवण, कुठेही जा, होड्या वर ओढून शाकारलेल्या किंवा खाडीत आत नांगरलेल्या दिसतात, आणि मालक मेस्त्रीच्या मागे असतात. वर्षभराची इंजिनाची कामं या दोन महिन्यांत उरकायची असतात. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन आलेली मुलं याच हंगामात पहिल्यांदा खऱ्या इंजिनाला हात लावतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि वडिलांची होडी नुकतीच ताब्यात घेतलेल्या तरुणांसाठीही.

सुरुवात एका होडीपासून करतो. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, गिअरबॉक्सच्या बाजूचं ऑइल सील गळत होतं. बदललं. पंधरा दिवसांत तांडेल (होडीचा प्रमुख) परत आला, “मेस्त्री, सील पुन्हा गेलं.” पुन्हा बदललं. सील बदलायचं म्हणजे गिअरबॉक्स मागे सरकवायचा, फ्लायव्हील काढायचं, दोन माणसांचा अख्खा दिवस. तिसऱ्या वेळी मी सीलकडे गेलोच नाही, इंजिनावरच्या टॅपेट कव्हरजवळच्या ब्रीदरच्या, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणाऱ्या, पाइपाकडे गेलो. पाइपाच्या तोंडात बोळा करून फडकं घट्ट कोंबलेलं होतं. इंजिनरूममध्ये तेलकट धूर येतो म्हणून एका खलाशाने चांगल्या मनाने तोंड बंद केलं होतं. फडकं काढलं, सील तिसऱ्यांदा बसवलं, आणि ते सील पुढे दोन हंगाम टिकलं. पहिली दोन सीलं खराब नव्हती. मी चुकीच्या जागी बघत होतो.

आतून काय निसटतं

सिलिंडरमध्ये डिझेल पेटतं तेव्हा आतला दाब वातावरणाच्या सत्तर-ऐंशी पट होतो, टर्बो (हवा कोंबणारा पंप) असेल तर शंभरच्याही पुढे जातो. हा दाब अडवायला पिस्टनवर रिंगा असतात. पण रिंग म्हणजे तोंड उघडं असलेलं कडं. १०० मिलिमीटरच्या बोअरला (सिलिंडरच्या आतल्या व्यासाला) रिंगेच्या दोन टोकांत साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर फट ठेवावीच लागते, नाहीतर गरम होऊन रिंग फुगली की टोकं भिडतात आणि ती बोअरमध्ये अडकते. म्हणजे नव्याकोऱ्या इंजिनातही थोडा वायू रिंगांवरून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पेटीत, उतरतोच. पुस्तकात याला ब्लोबाय म्हणतात, आपल्या गॅरेजात बॅक कॉम्प्रेशन.

हा वायू कोरडा नसतो. त्यात जळालेला धूर असतो, काजळी असते, अर्धवट जळालेलं इंधन असतं आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर इंधन जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं, पण त्यातला थोडा वाटा खाली चेंबरमध्ये (याच क्रँककेसच्या पोटात) येतो. तिथे क्रँकने उडवलेलं तेल धुक्यासारखं भरलेलं असतं, त्यात तो मिसळतो. हे सगळं बाहेर काढायला जी वाट ठेवलेली असते ती ब्रीदर.

वाट बंद झाली तर चेंबरमध्ये दाब चढतो. फार नाही चढत, पण फार लागतही नाही. क्रँकच्या सीलची रबरी ओठ तेल थोपवायला केलेली असते, दाब अडवायला नव्हे. मग जिथे कमजोर जागा सापडेल तिथून तेल बाहेर येतं: मागचं सील, पुढचं सील, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, चेंबरचं पॅकिंग, कधी तेल मोजायची डिपस्टिक आपोआप वर उचललेली. एकाच इंजिनाला दोन-तीन ठिकाणी अचानक गळती लागली, तर पॅकिंग विकत आणायच्या आधी ब्रीदर बघा.

कुठल्या इंजिनात काय शोधायचं

जुन्या डिझेल इंजिनात ब्रीदर उघडा असतो. टॅपेट कव्हरवर किंवा बाजूला एक डबी, आत तारेची जाळी, आणि पुढे खाली सोडलेला पाइप. नव्या इंजिनात तो पाइप तेल वेगळं करणाऱ्या सेपरेटरमधून परत हवेच्या वाटेत, टर्बोच्या आधी, जोडलेला असतो.

पेट्रोल गाडीत पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे क्रँककेसमधला वायू परत इंजिनात सोडणारी झडप, असतो. पूर्वी गाड्यांचाही पाइप सरळ रस्त्याकडे सोडलेला असे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९६१ च्या सुमारास नव्या गाड्यांना हा वायू परत इंजिनात नेऊन जाळायला लावला, तिथून ही पद्धत जगभर गेली. व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंगवर एक छोटी दांडी असते. इंजिन आयडलवर (गाडी उभी, इंजिन मंद) असताना मॅनिफोल्डमधली (सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळ्यांमधली) ओढ जोराची असते, ती दांडीला ओढून वाट अरुंद करते. चालत्या गाडीत ओढ कमी होते, वाट मोकळी होते आणि जास्त वायू शोषला जातो. बॅकफायर झाला तर दांडी उलटी बसून वाट बंद करते, म्हणजे ज्वाला चेंबरमध्ये जात नाही. साध्या डिझेलला थ्रॉटल (हवा अडवणारी झडप) नसल्याने अशी ओढ मिळत नाही, म्हणून त्याची व्यवस्था वेगळी.

फायबरच्या छोट्या होडीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड असेल तर ब्रीदर शोधत बसू नका. तिथे क्रँककेस हाच हवा-पेट्रोल ढकलणारा पंप असतो.

आंब्याच्या बागेतल्या सिंगल सिलिंडर डिझेल पंपाची गोष्ट निराळी आणि मला सगळ्यात आवडणारी. चार-सहा सिलिंडर असले की एक पिस्टन खाली येतो तेव्हा दुसरा वर जातो, चेंबरमधली हवा इकडून तिकडे होते. एकटा पिस्टन खाली आला की जेवढी त्याची क्षमता तेवढी हवा दाबली जाते. १५०० आरपीएमला हे सेकंदाला पंचवीस वेळा होतं. म्हणून जुन्या लिस्टर पद्धतीच्या इंजिनात क्रँककेसच्या दारावरच्या ब्रीदरमध्ये पातळ पत्र्याची एक चकती असते. ती हवा बाहेर सोडते, आत घेत नाही, त्यामुळे चेंबरमध्ये किंचित ओढ राहते आणि तेल बाहेर झिरपण्याऐवजी आतच राहतं. चकती चिकट तेलाने उघडी अडकली किंवा वाकली की इंजिन सगळीकडून घामेजल्यासारखं तेलकट होतं. तपासणी सोपी आहे: इंजिन चालू असताना ब्रीदरच्या तोंडापाशी तळहात धरा. नुसते बाहेरचे फुंकर जाणवले तर चकती ठीक. हवा आत-बाहेर दोन्हीकडे होत असेल तर चकती काढा, रॉकेलने धुवा, सपाट आहे का बघा.

पहिली पायरी: इंजिन बंद असताना

ऑइल कॅप उघडा आणि उलटी करून बघा. आत पिवळसर पांढरा, सायीसारखा थर दिसेल. नवा मुलगा लगेच म्हणतो, हेड गॅस्केट गेलं. थांबा. आपल्याकडे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, हवा ओलीकच्च, आणि गाडी घर ते बाजार दोन किलोमीटर फिरते. तेल नीट तापतच नाही, वाफ कॅपखाली थंड होऊन तेलात घुसळली जाते. डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ असेल, रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल, तर हा थर बहुधा पावसाळ्याचाच. गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवा, ब्रीदर साफ करा, आठवड्याने पुन्हा बघा. डिपस्टिकवरही तसंच दुधाळ तेल असेल तर मात्र पाणी आत येतंय. होडीत ते खारं पाणी असू शकतं, आणि मग एक दिवसही थांबायचं नाही.

तेलाची पातळी वर चढलेली असेल तर वास घ्या. डिझेलचा वास म्हणजे इंजेक्टर किंवा फीड पंपातून डिझेल चेंबरमध्ये उतरतंय. हे धोक्याचं का, ते पुढे सांगतो.

मग ब्रीदरचा पाइप दोन्ही टोकांनी काढा. कंप्रेसरची हवा मारायची असेल तर काढलेल्या पाइपात मारा, इंजिनात जोडलेल्या पाइपात कधीही नाही. तसं केलंत तर सगळी सीलं तुम्हीच बाहेर काढाल. तारेची जाळी डिझेलमध्ये भिजवून ब्रशने धुवा, पूर्ण वाळवून बसवा. सेपरेटरमध्ये कागदी किंवा फायबरचा फिल्टर असेल तर तो धुवायचा नाही, बदलायचा.

पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवा, आतली दांडी खुळखुळली पाहिजे. आयडलवर त्याच्या तोंडाला अंगठा लावला तर ओढ जाणवली पाहिजे. दोन्हींतलं एक जरी ठीक नसलं तरी नवा घाला. ही स्वस्त वस्तू आहे, घासत बसू नका.

दुसरी पायरी: चालू इंजिनावर

इंजिन चांगलं तापू द्या. ऑइल कॅप सैल करून तोंडावर उलटी ठेवा. थोडी थरथरली तर चालेल. उड्या मारायला लागली किंवा उडून पडली, तर बॅक कॉम्प्रेशन जास्त आहे किंवा ब्रीदर तुंबला आहे. दोन्हींत फरक करायला कॅप पुरत नाही.

त्यासाठी गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल पाइप आणा. मीटरभर फळीवर इंग्रजी यू आकारात ठोका, निम्मी पाण्याने भरा, बाजूला मोजपट्टी लावा. एका जुन्या ऑइल कॅपला भोक पाडून निपल बसवा आणि एक टोक तिथे जोडा. दुसरं टोक उघडं. डिपस्टिकच्या नळीला जोडायचा मोह होतो, पण काही इंजिनांत ती नळी तेलाच्या पातळीखाली बुडलेली असते, मग आकडा खोटा येतो. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या उंचीतला फरक मिलिमीटरमध्ये वाचा. पाण्याचे दहा मीटर म्हणजे वातावरणाइतका दाब, आणि आपण इथे मिलिमीटर मोजतोय, यावरून सील किती नाजूक आहे ते समजेल.

किती आकडा चालतो ते त्या त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असतं, ते पाहा. पण मॅन्युअलपेक्षाही मला वहीतला आकडा मोलाचा वाटतो. इंजिन निरोगी असताना आयडलला किती, लोडला (ओझ्याखाली चालताना) किती, ते तारखेसह लिहून ठेवा. होडी जेटीला जाड दोरांनी पुढे-मागे बांधून गिअर टाकला की लोडवरचं माप घेता येतं. मात्र दोर नीट तपासा, आणि दोराच्या ओढीत कुणी उभं राहू देऊ नका. पुढच्या जूनमध्ये त्याच जागी, त्याच आरपीएमला पुन्हा मोजा. दुप्पट झालं तर इंजिन स्वतःच सांगतंय.

आता महत्त्वाचं. दाब जास्त आला की ब्रीदर पूर्ण साफ करून, पाइप मोकळा करून पुन्हा मोजा. आकडा खाली आला तर दोष ब्रीदरचा होता, काम संपलं, इंजिन खोलायचं नाही. आकडा तिथेच राहिला तर वायू खरंच जास्त उतरतोय. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त ‘रिंग-पिस्टन गेले’ म्हणून आलेली कामं इथेच मिटली आहेत. इंजिन खोलणं म्हणजे मालकाचा लाखाच्या घरातला खर्च. तो करायला लावण्याआधी हे पंधरा मिनिटांचं माप घेणं मेस्त्रीचं कर्तव्य आहे असं मी मानतो.

तिसरी पायरी: कुठल्या सिलिंडरचा दोष

ब्रीदरच्या तोंडाचा धूर नीट बघा. सगळे सिलिंडर सारखे झिजले असतील तर धूर सलग, जाड येतो. फुक... फुक... असा ठेका धरून येत असेल तर एकच सिलिंडर दोषी. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात आयडलवर एकेका इंजेक्टरच्या पाइपाचा नट सैल करून ते सिलिंडर बंद करता येतं. ज्याच्या वेळी धुराचा ठेका थांबतो तो सापडला. चष्मा घाला, हात फवाऱ्यासमोर नेऊ नका, डिझेलची धार कातडी फोडून आत जाते. आणि कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना जबर दाबाच्या एकाच नळीतून डिझेल देणाऱ्या) इंजिनावर हा प्रयोग मुळीच करायचा नाही, तिथला दाब जीव घेईल. तिथे कॉम्प्रेशन टेस्टच करा.

टर्बो असेल तर त्याची झिजलेली सीलही ऑइलच्या परतीच्या नळीतून चेंबरमध्ये हवा ढकलते. एसटी किंवा ट्रकच्या इंजिनात एअर ब्रेकचा कंप्रेसर झिजला तरी तेच होतं. रिंगा खोलण्याआधी ही दोन्ही नावं खोडून घ्या.

नव्या रिंगा बसवल्यावर सुरुवातीला थोडा जास्त वायू येतो, घाबरू नका. पण नवं इंजिन तासन्‌तास आयडलवर चालवू नका. लोडशिवाय रिंगा बोअरला नीट दाबल्या जात नाहीत, बोअर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग बॅक कॉम्प्रेशन कायमचं राहतं.

होडीतला पाइप कसा न्यावा

पाइप तेलाला टिकणाऱ्या रबराचाच घ्या. बागेला पाणी घालायचा पाइप गरम तेलाने मऊ पडतो, आत बसतो आणि ब्रीदर बंद होतो. वाटेत कुठे खाली झोळ येऊ देऊ नका, तिथे पाणी आणि तेल साठून बूच बसतं. क्लिप ३१६ ग्रेडच्या स्टीलच्या घ्या, खाऱ्या हवेत साध्या क्लिपा एका हंगामात गंजतात. पाइपाचं तोंड सायलेन्सरपासून आणि एअर फिल्टरपासून लांब ठेवा. तेलकट वायू फिल्टरला बसला की फिल्टर चोंदतो, गरम सायलेन्सरवर पडला की आग लागते.

तोंड बिल्जमध्ये (होडीच्या तळात) किंवा समुद्रात सोडू नका. तेलाचा एक चमचा पाण्यावर केवढा तवंग पसरवतो ते सगळ्यांनी पाहिलंय, आणि आपलीच मासळी त्या पाण्यात असते. त्यापेक्षा एक डबा लावा: वायू आत, तेल तळाशी, वर मोकळी हवेची वाट. डब्याचं झाकण पूर्ण बंद केलंत तर खलाशाच्या फडक्यात आणि तुमच्या डब्यात फरक नाही. दर आठवड्याला डबा रिकामा करा. किती तेल साठलं तेही वहीत लिहा.

दोन गोष्टी जिवावरच्या

सेपरेटर असलेल्या इंजिनात तेल जास्त भरलं, किंवा डिझेल उतरून पातळी चढली, तर ब्रीदरमधून तेल हवेच्या वाटेत ओढलं जातं. डिझेल इंजिन तेलावरही पळतं. मग चावी बंद करा, डिझेल बंद करा, इंजिन थांबत नाही, उलट वेग चढत जातो. उपाय एकच, हवा तोडणं. इंजिनच्या हवेच्या तोंडाच्या मापाची जाड प्लायवूडची फळी कापून इंजिनरूममध्ये टांगून ठेवा. हात लावायचा नाही, फडकं लावायचं नाही, फडकं आत जातं. फळी आवळून धरता येत नसेल तर बाहेर पळा.

दुसरी गोष्ट मोठ्या जहाजांवरून शिकलेली. ११ सप्टेंबर १९४७ ला ‘रेना डेल पॅसिफिको’ या प्रवासी जहाजाच्या इंजिनात चाचणीच्या फेरीत क्रँककेसचा स्फोट झाला, २८ माणसं गेली. एखादा भाग जास्त तापला की त्यावर तेलाची वाफ होते, थंड होताना तिचं पेटणारं धुकं बनतं, आणि त्याला ठिणगीसारखी गरम जागा मिळाली की ते फुटतं. आपलं इंजिन छोटं, पण कारण तेच. आवाज बदलून, तापून इंजिन बंद पडलं असेल तर टॅपेट कव्हर किंवा बाजूचं दार लगेच उघडू नका. ताजी हवा आत गेली की धुक्याला हवं ते मिळतं. निदान वीस मिनिटं थांबा, इंजिन हाताला कोमट लागेपर्यंत.

मोटारसायकल आणि पाणी शिरलेली गाडी

बऱ्याच मोटारसायकलींच्या एअर फिल्टरच्या डब्याखाली बोटाएवढी पारदर्शक नळी लोंबते, टोकाला बूच. ब्रीदरचं तेल-पाणी त्यात साठतं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बूच काढून ती रिकामी करा. मालकाला ती नळी दाखवाच, बहुतेकांनी ती कधी पाहिलेली नसते.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, त्यानंतर कितीतरी आठवडे आम्ही बुडालेली इंजिनं उघडत होतो. बंद गाडीतही पाणी ब्रीदरमधून, डिपस्टिकच्या नळीतून, एअर फिल्टरमधून आत जातं. ज्यांनी घाईने सेल्फ मारला त्यांचे पिस्टन क्रँकला जोडणारे कनेक्टिंग रॉड वाकले. ज्यांनी थांबून फोन केला त्यांची इंजिनं वाचली.

पाणी शिरलेलं इंजिन आलं तर क्रम असा ठेवा. बॅटरी सोडवा. चेंबरचं बूच सैल करा, आधी पाणी येईल, मग तेल, दोन्ही पूर्ण जाऊ द्या. स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर काढा आणि इंजिन हाताने फिरवून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढा. ब्रीदरचा पाइप, पीसीव्ही व्हॉल्व्ह, फिल्टरचा डबा, सगळीकडे गाळ असतो, तो धुवा, कारण नव्या तेलाने चालू केलेलं इंजिन गाळाने बुजलेल्या ब्रीदरवर पहिल्याच दिवशी सील ढकलतं. स्वस्त तेल आणि नवा फिल्टर घालून दहा-पंधरा मिनिटं चालवा, काढून टाका, रंग बघा. पाणी आणि गाळ आतून पूर्ण निघायला अशा दोन-तीन बदल्या लागतात. तेल दुधाळ दिसेनासं झालं की मगच चांगलं तेल भरायचं.